खतकुंडीला वास येतोय? या चुका टाळा

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं ठरवलेली बरीच माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात टेकतात. कारण वास. दोष मात्र कचऱ्याचा नसतो, पाण्याचा असतो. भाज्यांची देठं, फळांच्या साली यांत बहुतांश पाणीच असतं. ते शोषायला कुंडीत काही नसलं की कचरा दबून त्याचा लगदा होतो, आतली हवा संपते आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं.

म्हणून सुकं घालायला विसरू नका. जेवढा ओला कचरा, निदान तेवढंच सुकं : पालापाचोळा, कोकोपीट, भुसा, फाडलेला पुठ्ठा. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) 25 ते 30 पट कर्ब (कार्बन) लागतो आणि तो सुक्यातून मिळतो. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर पाणी जास्त झालंय. नाकात झोंबला तर नत्र जास्त. उपाय दोन्हीला एकच : सगळं तळापासून उलथा आणि सुकं मिसळा. मग मूठभर घेऊन घट्ट दाबा. हात ओलसर व्हावा, पण पाण्याची धार लागू नये.

इथेच अनेकजण आंबट ताक ओततात. कुंडी आधीच ओली असेल तर त्याने त्रास वाढतो. विरजण हवंच असेल तर जुन्या खताची एक ओंजळ पुरते.

अळ्या दिसल्या की कीटकनाशक मारू नका, कळकळीने सांगते. त्या जाड, मातकट अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. कचरा झपाट्याने संपवतात आणि माणसाला त्यांचा उपद्रव नाही. नकोच असतील तर सुकं वाढवा. चिलटांसाठी ताज्या साली दोन इंच सुक्याखाली झाका.

मासळीचे काटे, हाडं, तेलकट खरकटं बाल्कनीतल्या कुंडीत नको. आंब्याची कोय आणि करवंटी महिनोनमहिने तशीच राहते. गणपतीतल्या निर्माल्यातून दोरा, जरी आणि प्लास्टिकची फुलं आधी वेगळी काढा, दुर्वांच्या जुड्याही सोडा.

आणखी एक चूक जुलैत कळते : सुका पाला कुठेच मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच दोन पोती भरून ठेवा. सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं तर तो पाला जळण्यापासूनही वाचतो.

दोन महिन्यांनी घाई करू नका. अर्धवट कुजलेलं खत कुंडीतल्या मातीचं नत्र स्वतःच ओढून घेतं आणि तुळस पिवळी पडते. थोडं खत ओलसर करून पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर त्यात चिमूटभर मेथीदाणे पेरून बघा. ते तरारून उगवले, की एक भाग खत तीन भाग मातीत मिसळायला हरकत नाही.