श्रोता पाहणीच्या आठवड्याआधी

रेडिओ केंद्राचे कार्यक्रम कोण ऐकतं याची घरोघर पाहणी करायची, तर प्रश्नावली, घरांची निवड, पाहणीदारांचं प्रशिक्षण हे कुणालाही सुचतं. मला मागच्या वेळी सुचलं नाही ते आधी सांगतो: ड्युटी रूमचं, म्हणजे प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या खोलीतलं, लॉगबुक ताब्यात घ्या. छापील वेळापत्रक नव्हे, लॉगबुक. खरंच काय लागलं, किती वाजून किती मिनिटांनी, ऐनवेळी काय बदललं, हे फक्त तिथे असतं.

मी वेळापत्रकावर विसंबलो. ‘काल काय ऐकलंत?’ पद्धतीची पाहणी, पाव-पाव तासाचे रकाने. मंगळवारी रात्री साडेनऊच्या नाटकाला श्रोते बरे दिसले म्हणून अहवालात दोन परिच्छेद खर्ची घातले. बैठकीत निर्मातीबाईंनी शांतपणे विचारलं, “त्या दिवशी नाटक लागलंच कुठे?” टेप अडकली होती, आणि केंद्राच्या लायब्ररीतून आणलेल्या ग्रामोफोन तबकड्यांवर तो तास निभावला होता. नंतर लॉगबुक मागवलं, तर त्यात नुसतं ‘वाद्यसंगीत’. कुठली तबकडी, कुठली बाजू, काही नाही. लायब्ररीच्या देवघेव वहीतही त्या रात्रीचं पान कोरं.

म्हणून लॉगबुकात तबकडीचा लायब्ररीतला दाखल क्रमांक, बाजू आणि वेळ लिहायला लावा. ‘नंतर लिहितो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नमुन्याचा हिशोब आधीच करा. ४०० जणांच्या यादृच्छिक नमुन्यात आकडा साधारण ५ टक्के इकडेतिकडे होतो. त्यातले रात्री ऐकणारे ४०च निघाले, तर तीच चूक १५ टक्क्यांवर जाते. मग दोन कार्यक्रमांतल्या तीन टक्क्यांच्या फरकावर वाद कसला घालता? पाहणीदाराने दारात ‘आम्ही रेडिओ केंद्रातून आलोय’ असं म्हणून सुरुवात करू नये. माणसं भिडेखातर ‘ऐकतो की’ म्हणतात.

लायब्ररीत त्या आठवड्यापुरत्या पर्यायी तबकड्या आधी वाजवून, वेगळ्या काढून ठेवा. सुई बघा: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला सुमारे ३ हजारांश इंचाची लागते, एलपीला (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीला) १. एलपीची सुई ७८वर टेकवलीत तर ती खोबणीच्या तळाशी घासते आणि खरखरच ऐकू येते. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका. लाख विरघळते. एका उत्साही मदतनिसाने पुसलेली मी पाहिली आहे. कापसाला काळं लागलं तेव्हा कुठे हात थांबला. टेपा बऱ्याचदा शेवट बाहेर ठेवून गुंडाळलेल्या असतात, लावण्याआधी उलट्या गुंडाळून सुरुवातीला आणा. डिजिटायझेशन वगैरे या आठवड्यात काढूच नका.

आणि लॉगबुक. रोज सकाळी जाऊन आदल्या दिवसाच्या पानाचा फोटो काढा. आठवडा संपल्यावर मागितलंत तर वही दुसऱ्या कपाटात गेलेली असते, किल्ली रजेवर.

पुढचं थोडक्यात. उत्तरांची नोंद दोघांनी वेगवेगळी करायची, मग ताडायची. सुट्टीचे दिवस वेगळे खुणवायचे. तक्त्यात कार्यक्रमाचं नाव लिहायचं ते लॉगबुक शेजारी उघडं ठेवूनच.

पाहणी सोमवारी सुरू होत असेल तर आदल्या रविवारचं पानही घ्या. सोमवारी विचारलेला ‘काल’ म्हणजे तोच.