घरातलं माणूस अतिच चिकट असेल तर या चुका टाळा

सांगली जिल्ह्यात काटकसरीला सहसा कुणी नावं ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातल्या ज्या माणसांनी १९७२ चा दुष्काळ कळत्या वयात पाहिला, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांच्या हातून आजही भाकरीचा तुकडा वाया जात नाही. कृष्णाकाठाला पाण्याचा तुटवडा नाही. पण २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात धान्यापासून गाद्यांपर्यंत सगळं चिखलात गेलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांनाही चार पैसे गाठीला असावेत असं वाटणारच.

हे राखणं दुसऱ्याच्या जिवावर चालू झालं की अडचण सुरू होते. आबांनी तेच धोतर आणखी दोन वर्षं नेसलं तर तो त्यांचा प्रश्न आहे. पण आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "अजून दिसतंय की तिला" म्हणून लांबवलं, तर ती बचत आजीच्या डोळ्यांतून झाली. वाचलेला रुपया कुणाच्या वाट्यातून वाचला, एवढंच प्रत्येक वेळी बघा. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केलं तेव्हा पैशाची ओढाताण पाचवीला पुजलेली होती. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. पोरांच्या ताटातली भाकरी मात्र कमी होऊ दिली नाही.

अतिच चिकट माणसासोबत राहताना आपल्या हातून काही चुका होतात. त्यातल्या काही लहान दिसतात, पण घर पोखरतात.

चारचौघांत चिकटपणा काढणं

लग्नात, बारशाला, गावच्या जत्रेला सगळे जमले की कुणीतरी विषय काढतं आणि सगळे हसतात. त्या हसण्यानं कुणाची मूठ सैल झालेली मी पाहिलेली नाही. उलट त्या माणसाला वाटतं, या सगळ्यांचा डोळा माझ्या पैशावर आहे, आणि तो आणखी आवळून धरतो.

त्याऐवजी एकट्यात, निवांत वेळी विचारा, "आण्णा, तुमच्या लहानपणी घरात पैशाची फार अडचण झाली होती का?" बहुतेक वेळा काहीतरी निघतंच. बहिणीच्या लग्नासाठी विकलेला जमिनीचा तुकडा असतो, सावकाराचं कर्ज असतं, बुडालेली पतसंस्था असते. भीती कशाची आहे हे कळलं की उपाय सुचतो. आजारपणाची भीती असेल तर विम्याचे कागद पुढ्यात ठेवा. म्हातारपणी पोरांपुढे हात पसरावा लागेल ही भीती असेल तर त्यांच्या नावावर एक ठेव अशी ठेवा की तिला घरातलं कुणीही हात लावणार नाही, आणि तसं सगळ्यांसमोर सांगा. एवढं झालं की रोजच्या खर्चातली कटकट पुष्कळदा आपोआप कमी होते.

हिशेब न मांडता भांडणं

सर्वात जास्त भांडणं विजेवरून होतात, आणि दोन्ही बाजू अंदाजानं बोलत असतात. न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळातला दिवा रात्री मालवायचा की चालू ठेवायचा, यावर घरात अबोला धरलेला मी पाहिला आहे. हिशेब असा आहे. नऊ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर, म्हणजे दहा तास जळला तर ०.०९ युनिट वीज लागते. महिन्याला २.७ युनिट झाले. युनिटला दहा रुपये धरले तरी २७ रुपये. त्या अंधारात सत्तरीतलं माणूस पाय अडखळून पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशन, महिनोन्‌महिने अंथरूण आणि घरातल्या एका माणसाची कामावरची रजा, हे सगळं आलं.

आता दुसरी बाजू. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला की एक युनिट जातं, महिन्याला ३०. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवीन बीएलडीसी पंखा साधारण ३०. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. म्हणजे ज्याला वीज वाचवायची आहे त्यानं बोळातला दिवा सोडून पंख्याकडे बघावं. छप्पर स्वतःचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे.

असा कागद पुढे ठेवला की चिकट माणूस कधी कधी घरातला सर्वात उत्साही गडी होतो. त्याला बचत हवीच असते, फक्त ती कुठे दडली आहे हे कुणी दाखवलेलं नसतं. दात कोरून पोट भरत नाही, हे आकडे जेवढ्या लवकर पटवतात तेवढं आपलं ओरडणं पटवत नाही. एसटीचंच बघा. महिलांना तिकीट निम्मं आहे, ६५ ते ७५ वयाच्या माणसांनाही निम्मं, आणि पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत. पुण्याला लेकीकडे जायचं "भाडं परवडत नाही" म्हणून टाळणाऱ्या आजी-आजोबांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

खर्च चुकीच्या महिन्यात काढणं

ही चूक नोकरदार सुना आणि जावयांच्या हातून जास्त होते. पगार दर महिन्याला येतो, पण शेतकरी घरात पैसा वर्षातून एकदोनदाच हातात येतो. उसाचं बिल, हळदीचा सौदा, तासगावच्या बाजारातला बेदाण्याचा सौदा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावं असा नियम आहे, तरी वाट बघायची सवय या घरांना लागलेलीच असते. जूनमध्ये पेरणी, खत, पोरांची फी एकदम अंगावर आलेली असताना फ्रिज बदलायचा विषय काढला तर नकारच येणार, आणि तो नकार पुढे कायमचा होतो. बिल जमा झालं की त्याच आठवड्यात बसा. वर्षाचे मोठे खर्च तेव्हाच लिहा आणि त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात काढून ठेवा.

औषधपाण्यात तडजोड चालवून घेणं

इथे मात्र मी कुणाचीही समजूत काढत बसू नका असंच म्हणेन. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेऊन महिनाभराची पाकिटं दोन महिने पुरवणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यांना काही होत नाही असं दिसतं, कारण वाढलेला दाब दुखत नाही. तो मेंदूवर, हृदयावर, मूत्रपिंडावर काम करत राहतो आणि एक दिवस लकवा होऊनच कळतं. काहीजण गोळी अर्धी मोडून घेतात. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल लिहिलेलं असतं ती शरीरात हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारल्याशिवाय ती मोडायची नाही.

पैसे वाचवायचे तर वाट दुसरी आहे. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलच्या अनेक गोळ्या तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. ते यादीतल्या रुग्णालयांतच चालतं, म्हणून मिरजेला जाण्याआधी रुग्णालय यादीत आहे का ते विचारून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. आधार कार्ड घेऊन वय वंदना कार्ड काढून देणं हे घरातल्या तरुण पोराचं काम आहे. आबा स्वतः जाणार नाहीत.

स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी याच खात्यात मोडतात. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायचीच, वरून चांगली दिसली तरी. आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही. वडे-भज्यांचं उरलेलं तेल गाळून एकदोन दिवसांत फोडणीला संपवलं तर ठीक. काळपट झालं, फेस धरायला लागलं, चिकट झालं किंवा आच कमी असतानाच धूर सोडायला लागलं, की टाकून द्या. पुन्हा पुन्हा तापवल्यानं तेलात तयार होणाऱ्या घातक घटकांवर अन्नसुरक्षा खात्यानं २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण ती घरी मोजता येत नाही. म्हणून डोळ्यांनी आणि नाकानं ओळखायचं.

कष्टकऱ्यांच्या पैशात घासाघीस होऊ देणं

कृष्णाकाठची वांगी घेऊन भल्या पहाटे बाजारात आलेल्या मावशीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणं, धुणंभांडी करणाऱ्या ताईचा खाडा मोजून पगार कापणं, दिवाळीला तिच्या हातात जुनी साडी टेकवणं. हे आपल्या घराच्या नावानं होतं आणि आपण बघत राहतो. भांडू नका, पण ते खर्च स्वतःकडे घ्या. "मामंजी, ताईंचा पगार इथून पुढं मी देते" एवढं वाक्य पुरतं. बहुतेक माणसं याला विरोध करत नाहीत, कारण त्यांच्या खिशातून जाणारे पैसे थांबलेले असतात.

ओळखीतल्या माणसाचं मुकाट्यानं भरत राहणं

हॉटेलात बिल आलं की ज्याला फोन येतो, कोल्हापूरला जाताना गाडी तुमची, डिझेल तुमचं, टोल तुमचा, असा एक मित्र प्रत्येक टोळक्यात असतो. आपण संकोचानं वर्षानुवर्षं भरतो आणि मग एका किरकोळ गोष्टीवरून सगळं बाहेर पडतं. मैत्री जाते ती त्या उद्रेकामुळे. म्हणून पैशाचं बोलणं प्रवासाला निघण्याआधी करायचं. "डिझेल चौघांत वाटू, मी ग्रुपवर आकडा टाकतो" हे गाडी सुरू व्हायच्या आधी म्हटलं तर कुणालाच लागत नाही, आणि मोबाईलवरून जागच्या जागी पैसे देता येत असल्यानं सुट्ट्याचं कारणही उरलं नाही. जो खरोखर अडचणीत आहे त्याला एकट्यात गाठा आणि त्याचा वाटा तुम्ही उचला. त्याला चिकटांच्या रांगेत बसवू नका.

पैसा कुठे आहे हे न विचारणं

फार जपून जगणारा माणूस बऱ्याचदा गुप्तही असतो. तो गेल्यावर गादीखालून पासबुकं निघतात, आणि काही निघतही नाहीत. बँकेत दहा वर्षं कुणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांना ती नंतरही मागता येते, आणि २०२३ पासून उद्गम नावाच्या संकेतस्थळावर शोधताही येते. तरी आधीच नॉमिनी नेमलेला असणं केव्हाही सोपं. आता बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळे "एकाच पोराचं नाव कसं लावू" ही अडचणही राहिलेली नाही. रक्कम किती आहे हे विचारू नका. कुठे कुठे खातं आहे, एवढीच यादी मागा.

आणि एक गोष्ट न चुकता तपासा. साबणाच्या वडीचे तुकडे जोडून वापरणारा माणूस एक टक्का जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक बँकेमागे व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आपल्या भागात पतसंस्थांनी रडवलेली घरं कमी नाहीत.

छळाला काटकसर म्हणणं

बायकोकडून कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत हिशेब घेणं, तिचा पगार काढून घेणं, माहेरी जायला एसटीचे पैसेही न देणं, आणि वर "आमचे हे जरा काटकसरी आहेत" असं तिनंच सगळ्यांना सांगणं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच धरला आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येतं, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. माहेरच्यांनी "तेवढं सोसावं" हा सल्ला देणं बंद केलं पाहिजे.

उलटंही घडतं. कमावती मुलं आईबापांचं दूध, चष्मा, दातांची कवळी यांत हात आखडतात. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना निर्वाहभत्ता मागता येतो आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

एखादं माणूस आयुष्यभर सढळ होतं आणि साठी-सत्तरीत अचानक पैसे लपवायला लागलं, घरच्यांवर चोरीचा संशय घ्यायला लागलं, रिकाम्या पिशव्या आणि डबे साठवून खोली भरायला लागलं, तर तो स्वभाव समजू नका. स्मृतिभ्रंशाची किंवा नैराश्याची ही सुरुवात असू शकते. ते माणूस घरी नसताना खोली रिकामी करायचा बेत तर मुळीच करू नका, त्यानं संशय आणखी वाढतो. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. न्यायचं कसं हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि फोन घरातल्या दुसऱ्या कुणी केला तरी चालतो.