चौघींचा ग्रुप उभा करताना

गळा चांगला असलेल्या चार मुली जमल्या की पहिला वाद ठरलेला: पुढे कोण गाणार? तो आत्ता बाजूला ठेवा. आमच्या वेंगुर्ल्याकडे भजनात बुवा ओळ म्हणतात आणि कोरस तीच ओळ त्याच सुरात उचलतो. पॉप ग्रुपमध्ये ओळ एकच, पण सूर वेगवेगळे. सवय नवी लावायची आहे, घाई नको.

पेटीवर सगळ्यांना झेपेल अशी पट्टी घ्या. एकीने सा धरायचा, दुसरीने ग, तिसरीने प, चौथीने वरचा सा. शब्द नकोत, नुसता 'आ'कार, म्हणजे 'आ' लांबवून गायचं. ग धरणारीकडे नीट लक्ष द्या, हमखास तीच शेजारणीच्या सुरावर जाते. तिने एक कान झाकून गावं, म्हणजे स्वतःचा सूर स्पष्ट ऐकू येतो. हे जमलं की चाल हलवा: पहिली सा-रे-ग-म म्हणेल तेव्हा दुसरी ग-म-प-ध. ओळीच्या शेवटी 'स' किंवा 'त' आला तर तो एकीनेच उच्चारायचा. चौघींनी मागेपुढे टाकला की माइकवर नुसती खरखर होते.

ब्रिटनची पॉप गायिका जेड थर्लवॉलची वाटचाल मी प्रत्येक नव्या ग्रुपला सांगते. ती साउथ शील्ड्सची, म्हणजे टाइन नदीच्या मुखावरच्या गावची, आपल्यासारखीच किनाऱ्यावरची. 'द एक्स फॅक्टर' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला ती २००८ आणि २०१० मध्ये एकटी गेली, पुढे जाता आलं नाही. २०११ मध्ये परीक्षकांनी तिला इतर तीन मुलींबरोबर जोडलं आणि 'लिटल मिक्स' हा ग्रुप झाला. ब्रिटनमधली ती स्पर्धा जिंकणारा तो पहिलाच ग्रुप. २०२० च्या डिसेंबरात चौघींपैकी जेसी नेल्सन बाहेर पडली. उरलेल्या तिघी गात राहिल्या आणि २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट ग्रुपचा ब्रिट हा ब्रिटनमधला संगीत पुरस्कार मिळवला. तो मिळवणारा मुलींचा तो पहिला ग्रुप. २०२२ मध्ये ग्रुप थांबला, २०२४ मध्ये जेडचं एकटीचं पहिलं गाणं आलं.

आपल्याकडे तर कुणी ना कुणी जातेच. बारावी झाली की मुंबई, नाहीतर लग्न. म्हणून प्रत्येकीचा भाग फोनवर वेगळा रेकॉर्ड करून ठेवा आणि दर महिन्याला भाग आपसात बदला. सा वालीला प येऊ दे, ग वालीला सा. जत्रेच्या आदल्या दिवशी एकीचा घसा बसला तरी तिघींनी कार्यक्रम पुरा करता आला पाहिजे.