पुढच्या दाताचा टवका उडाला तर

पटाशीच्या दाताचा कोपरा तुटला की आधी तुकडा शोधा. सापडला तर दुधात किंवा साध्या पाण्यात बुडवून दवाखान्यात न्या. कागदात गुंडाळलेला तुकडा वाळून पांढराफटक पडतो. नीट बसत असेल तर तोच परत चिकटवता येतो. नाहीतर काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला भरायचा. तुटल्या जागी गुलाबी ठिपका दिसला किंवा रक्त आलं तर नस उघडी पडली आहे असं समजा. त्याच दिवशी दाखवा, दिसण्याचं नंतर बघू.

दुखतंय म्हणून लवंगेचं तेल मात्र लावू नका. त्यातलं युजेनॉल काँपोझिटला नीट कडक होऊ देत नाही. लावलं असेलच तर डॉक्टरांना आधी सांगा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर अगोदर दात साफ करून घ्या, कारण रक्त लागलेल्या कडेवर बाँडिंग, म्हणजे मसाला दाताला चिकटवणं, धरत नाही. दात ब्लीच करायचा बेत असेल तर तेही आधी उरका आणि मग दोन आठवडे थांबा. ब्लीचमधला ऑक्सिजन दातात असेपर्यंत पकड कच्ची राहते, आणि काँपोझिट काही ब्लीचने उजळत नाही.

रंग खुर्चीत बसल्याबसल्याच ठरवायचा. तोंड उघडं राहून दात वाळला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो, मूळ रंगावर यायला काही तास, कधी पूर्ण दिवस लागतो. रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा, लावल्यावर शेड (रंगाची छटा) बघितली तर दुसऱ्या दिवशी आरशात भरलेला कोपराच वेगळा उठून दिसणार. लिपस्टिक पुसा, खिडकीच्या उजेडात बघायला सांगा. शेड गाइडवर ए१, ए२, ए३ असे तुकडे असतात, आकडा वाढेल तसा रंग गडद. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे बाँड, म्हणजे चिकटवायचा द्रव, न लावता मुगाएवढं काँपोझिट दातावर ठेवून लाइटने कडक करून बघणं. कडक होताना त्याचा रंग बदलतो, त्यामुळे ओल्या मसाल्यावरून अंदाज फसतो. तुकडा आरपार उडाला असेल तर एकच पारदर्शक शेड भरून चालत नाही, तोंडातला अंधार मागून दिसतो आणि दात करडा वाटतो. आत अपारदर्शक, वर पारदर्शक असे दोन थर हवेत.

आता प्रत्यक्ष काम. तुटलेल्या कडेचं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, एक-दोन मिलिमीटर तिरकं घासतात. मग सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचं जेल: एनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटिनवर, म्हणजे एनॅमलखालच्या थरावर, १५च्या पुढे नाही. आम्लाने एनॅमल खरबरीत करून राळ चिकटवायची ही युक्ती मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ साली मांडली, आणि आजही सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. जेल धुऊन वाळवलं की एनॅमल खडूसारखं निस्तेज दिसलं पाहिजे. डेंटिन मात्र किंचित ओलसरच ठेवायचं. ते कोरडंठाक केलं तर त्यातले तंतू खाली दबून बसतात, बाँड आत शिरत नाही आणि नंतर गार पाण्याने कळ येते.

आमच्या मते बाँडिंगचं आयुष्य या दोन मिनिटांत ठरतं, मसाल्याच्या कंपनीवर नाही. आम्लाने तयार झालेल्या जागेवर लाळ लागली की पकड गेली, परत धुऊन आम्ल लावावं लागतं. म्हणून रबर डॅम, निदान कापूस आणि सक्शन हवंच. मधेच जीभ लावून बघायचा मोह आवरा.

बाँड १५-२० सेकंद चोळून, हवेने पातळ करून लाइट मारतात. मग काँपोझिट दोन मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला साधारण २० सेकंद लाइट. जाड थर एकदम भरला तर वरून टणक आणि तळाशी मऊ राहतो. शेजारच्या दाताला मसाला चिकटू नये म्हणून मध्ये पारदर्शक पट्टी असते. शेवटी फ्लॉस घालून बघायला सांगा, फाटून आला तर कड उरली आहे.

चावा तपासताना नुसते दात टेकवू नका. रंगीत कागद मध्ये धरून जबडा पुढे आणि डावी-उजवीकडे सरकवून दाखवा, पुढच्या दातावरचं बाँडिंग अशा सरकण्यातच उडतं. बधिर केलं असेल तर उंचवटा घरी गेल्यावर जाणवतो. ‘होईल सवय’ म्हणत बसू नका, घासून घ्यायला जा.

पहिले दोन दिवस चहा, कॉफी आणि हळदीचा रस्सा जपून. हळदीचा पिवळा डाग काँपोझिटवर पटकन चढतो. मिश्री तर कायमचीच सोडा, ती डागही पाडते आणि चकाकीही घासून नेते. ऊस सोलणं, कणीस दातांनी ओरबाडणं, सेफ्टी पिन उघडणं, दोरा तोडणं ही कामं या दातांची नाहीत. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, घ्या, नाहीतर कोपरा पुन्हा उडेल. उडाला तरी सगळं काढावं लागत नाही, जुना भाग खरवडून त्यावरच नवा थर बसवता येतो. कडेला तपकिरी रेघ दिसू लागली तर आधी पॉलिश करून घ्या. डाग वरचा असेल तर निघून जातो. नाही निघाला तर खाली कीड लागली आहे का ते तपासायला सांगा.