स्पीगल ग्रोव्हवर उतरण्याआधी

सगळ्यात आधी डायव्हिंगच्या परवान्याचं कार्ड बाहेर काढून बघा. मालवण-तारकर्लीला 'स्कूबा केलंय' असं आपल्यातले पुष्कळजण सांगतात आणि ते खोटं नसतं. पण प्रशिक्षकाने पाठीमागून टाकी धरून खाली नेलं, मासे दाखवले, फोटो काढले आणि वर आणलं, हा झाला अनुभव. तो परवाना नव्हे. मुलाकडे किंवा बहिणीकडे अमेरिकेला आलात आणि फ्लोरिडातल्या की लार्गोजवळ बुडवलेल्या स्पीगल ग्रोव्ह या जहाजावर उतरायचं मनात असेल, तर पहिला प्रश्न कार्डावर काय लिहिलंय हाच. ओपन वॉटर या पहिल्या पातळीच्या परवान्याची मर्यादा १८ मीटर. स्पीगल ग्रोव्हचा सगळ्यात वरचा भागच साधारण तेवढ्यावर, म्हणजे ६० फुटांवर लागतो आणि वाळू साधारण १३० फुटांवर, ४० मीटरला. त्यापुढचा ॲडव्हान्स्ड नसेल तर बहुतेक बोटवाले एकट्या जोडीला सोडत नाहीत, सोबत गाईड घ्यायला लावतात. ते बरोबरच आहे. वेळ असेल तर ॲडव्हान्स्ड घरून करून या. तारकर्लीत सरकारी संस्था आहे, गोव्यात शाळा आहेत. सुट्टीचे चार दिवस वर्गात घालवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

कार्ड आहे, पण शेवटची डायव्ह दोन वर्षांपूर्वीची? मग स्पीगल ग्रोव्ह पहिल्या दिवशी नको. की लार्गोत २५-३० फूट खोलीवरचे नैसर्गिक प्रवाळखडक भरपूर आहेत. पहिला दिवस तिथे घालवा. मास्कमध्ये पाणी घेऊन काढा, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) सोडून परत तोंडात घ्या, तरंगण्यावर ताबा आहे का ते पाहा. वजनाचा अंदाजही तिथेच येतो. इथे वजन पौंडांत मिळतं आणि घरी ६ किलो लावत असाल तर १३ पौंड मागायचे.

आता जहाजाबद्दल थोडं, कारण त्याचा इतिहास तयारीत उपयोगी पडतो. स्पीगल ग्रोव्ह अमेरिकी नौदलाचं, सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी पोटात घेऊन जाणारं जहाज. लांबी ५१० फूट, रुंदी ८४ फूट. १९५६ साली सेवेत आलं, १९८९ मध्ये निवृत्त झालं. आतली घाण साफ करून, डायव्हरना ये-जा करता यावी म्हणून भोकं पाडून ते १७ मे २००२ रोजी बुडवायचं होतं. पण ते ठरलेल्या वेळेआधीच बुडायला लागलं आणि उलटं झालं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यावर तशीच राहिली. पुढच्या महिन्यात हवेच्या पिशव्या लावून ते फिरवलं, तेव्हा ते उजव्या कुशीवर जाऊन पडलं. तीन वर्षं तसंच होतं. जुलै २००५ मध्ये डेनिस नावाचं चक्रीवादळ जवळून गेलं आणि त्याने जहाज सरळ उभं केलं. म्हणून हाताशी आलेल्या नकाशाची तारीख बघा, जुन्या व्हिडिओचीही बघा. २००५ च्या आधीच्या चित्रात जी भिंत दिसते ती आज जमीन आहे. आणि जे वादळ एवढं जहाज उचलतं, ते एखादा पत्रा किंवा बोयाचा दोरही हलवू शकतं. तेव्हा सकाळी बोटीवर जे सांगतात ते घरी पाठ केलेल्या नकाशापेक्षा खरं धरा. चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. त्या महिन्यांत येत असाल तर हॉटेल आणि बोटीचे पैसे परत मिळतील अशा अटीवरच भरा.

वैद्यकीय फॉर्म घरीच वाचा. काही प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते, आणि ती बोटीच्या धक्क्यावर मिळत नाही. रक्तदाबाची गोळी, लहानपणचा दमा, कानाचं ऑपरेशन हे लपवू नका. विमा डायव्हिंगचा वेगळा घ्या. प्रवासाच्या साध्या विम्यात १०० फुटांवरचा अपघात बसतोच असं नाही आणि रिकम्प्रेशन चेंबरचा (अंगात मुरलेल्या नायट्रोजनच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायच्या खोलीचा) खर्च घरदार हलवणारा असतो.

सामानात मास्क आपलाच हवा. फिन्स आणि बूटही आपले असले तर बरं, बाकी भाड्याने मिळतं. रेग्युलेटर आणणार असाल तर तो योक जोडणीचा आहे का बघा, इथल्या टाक्यांना तीच चालते. डिन नावाची दुसरी जोडणी असेल तर अडॅप्टर सोबत ठेवा. सूट उन्हाळ्यात ३ मिलिमीटरचा पुरतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा ५ चा घ्या. कोकणातल्या पाण्याची सवय असणाऱ्याला हे गार लागतं. हातमोजे घ्या, ते चैन म्हणून नव्हे. खाली जायच्या दोरावर बारीक पिसांसारखे जीव वाढतात, ते उघड्या हाताला खाजखुजलीसारखे भाजतात. गंजलेल्या लोखंडाच्या कडा तर हात कापतातच, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर घेऊन या. एक टॉर्च, एक छोटी कात्री (मासेमारीचा नायलॉन दोरा जहाजावर ठिकठिकाणी अडकलेला असतो, तो दिसण्याआधी पायाला लागतो), पाण्यावर सोडायची लांब नारिंगी पिशवी आणि तिचा रीळ. हे प्रत्येकाकडे हवं, जोडीत एक नव्हे.

भाड्याच्या डायव्ह कॉम्प्युटरची (खोली, वेळ आणि अंगात मुरणारा नायट्रोजन यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राची) तपासणी मी वेगळी लिहिते, कारण तिथे मी ठेचकाळले आहे. एका दुकानातून घेतलेल्या कॉम्प्युटरवर आधीच्या माणसाचं ३६ टक्के नायट्रॉक्स (ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा) तसंच लावलेलं होतं आणि माझ्या टाकीत साधी हवा. म्हणजे अंगात जेवढा नायट्रोजन मुरत असतो त्याहून कमी मुरतोय असं तो कॉम्प्युटर मला सांगत राहिला असता. बोटीवर बसल्या बसल्या बटणं दाबत होते म्हणून दिसलं. तेव्हापासून दुकानातच तीन गोष्टी बघते: वायू कुठला लावलाय, बॅटरी किती आहे, आणि आकडे फुटांत आहेत की मीटरमध्ये. नायट्रॉक्स घेत असाल तर टाकीतलं प्रमाण यंत्राने स्वतः मोजा आणि टाकीवर स्वतःच्या हाताने लिहा. ३२ टक्क्यांना १११ फुटांच्या खाली जायचं नाही, म्हणजे या जहाजाची वाळू तुमच्यासाठी बंद.

आता हवेचा हिशेब. यादीतलं बाकी काही राहिलं तर निभावेल, हे राहिलं तर नाही. इथली नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची, भरलेली असते ३००० पीएसआय दाबाला. आपल्याकडच्या भाषेत २०७ बार. एकूण हवा सुमारे २३०० लिटर. शांत माणूस पाण्याच्या वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १०० फुटांवर, ३० मीटरला, दाब चौपट, म्हणून तोच श्वास मिनिटाला ८० लिटरचा. आता सगळ्यात वाईट क्षण धरा: तिथेच जोडीदाराची हवा संपली आणि दोघं एका टाकीवर आलात. घाबरलेला माणूस ३० लिटर घेतो, दोघं मिळून ६०, खोलीवर त्याचे २४० होतात. एक मिनिट एकमेकांना धरून सावरण्यात जाईल, सव्वातीन-साडेतीन मिनिटं वर येण्यात आणि तीन मिनिटं १५ फुटांवर थांबण्यात. बेरीज हजार लिटरच्या आसपास येते. म्हणजे ९० बार, १३०० पीएसआय. दोघांना जिवंत वर यायला एवढी हवा टाकीत हवी.

बोटीवर '५०० पीएसआय घेऊन परत या' असं सांगतात. तो आकडा बोटीवर चढतानाचा आहे, खालून निघण्याचा नाही. खालून निघायचं १३०० ला. मग हाताशी उरतात १७०० पीएसआय, म्हणजे १३०० लिटर, ८० ने भागले तर सोळा मिनिटं. त्यात खाली जाण्याचा वेळही आला. खाली किती वेळ राहता येतं त्याच्या तक्त्यात साध्या हवेला १०० फुटांवर २० मिनिटं दिलेली असतात आणि ३२ च्या नायट्रॉक्सला ३०. ते वाचून वाटतं की नायट्रॉक्स घेतलं की दीडपट वेळ मिळाला. तो मिळत नाही, कारण त्याआधी टाकी संपते. नायट्रॉक्स दुसऱ्या डायव्हला कामी येतं, तिथे घ्याच. पण पहिल्या डायव्हला जास्त वेळ हवा असेल तर खोली कमी करा. माझं स्पष्ट मत, ८० फुटांवर राहा. वरचे मजले, क्रेन, कठडे, जहाजावर लावलेला ध्वज, मासे सगळं तिथे आहे. वाळूवर जाऊन वाळूच दिसते.

हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी आदल्या रात्री करा. तुमचा श्वास मिनिटाला २५ लिटरचा असेल तर सोळाची तेरा मिनिटं होतात. निघायचा आकडा पाटीवर लिहा आणि जोडीदारालाही तोच लिहायला लावा. खोलीवर नायट्रोजनची गुंगी चढते, तेव्हा बेरीज-वजाबाकी होत नाही, पाटीवरचा आकडा मात्र वाचता येतो.

सकाळी बोटीवर टाकी उघडून दाबाच्या सुईकडे बघत चार श्वास घ्या. सुई प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत असेल तर टाकी पूर्ण उघडलेली नाही. जाकीट फुगवा, रिकामं करा. जोडीदाराची दुसरी नळी (आपली हवा संपली तर घ्यायची) कुठे आहे ती हाताने धरून बघा. मळमळत असेल तर गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, लाटा लागल्यावर नव्हे. पण ती गोळी आधी एकदा घरी घेऊन झोप येते का ते पाहिलेलं हवं.

ओढीबद्दल नीट ऐका. फ्लोरिडाच्या या किनाऱ्याबाहेरून मोठा सागरी प्रवाह वाहतो आणि तो कधी जहाजावर येतो, कधी नाही. एकाच दिवशी सकाळी पाणी स्तब्ध असतं आणि दुपारी दोरावर आपण वाऱ्यावरच्या पताकेसारखे आडवे होतो. जहाजाच्या बोयांना बोट बांधतात आणि बोटीच्या मागून बोयापर्यंत दोर टाकतात. उडी मारल्याबरोबर तो दोर धरायचा, तो धरून बोयाकडे, तिथून खाली. मधे हात सोडायचा नाही. आणि ज्या दोराने गेलात त्याच दोराने वर यायचं, म्हणून खाली पोहोचल्यावर लगेच पुढे निघू नका. दोर जहाजाच्या कुठल्या भागाला बांधलाय ते वळून बघा, जवळची एखादी खूण धरा.

एकदा बोयाच्या दोराने कठड्यापर्यंत पोहोचेपर्यंतच माझी सुई १९०० वर आली होती. ओढ इतकी होती की मास्क गालावर हलत होता. समोर, दहा-बारा हातांवर, करड्या-निळ्या पाण्यात ध्वज ताठ फडफडत होता, एखादं घर वाऱ्यात उभं असावं तसा. मी मुठीतून अंगठा वर केला (पाण्याखाली याचा अर्थ 'वर चला'), जोडीदारीण माझ्याकडे दोन क्षण बघत राहिली, मग तिनेही केला. ध्वजाला हात न लावता परत आलो. बोटीचे पैसे दोघींचे गेले. त्या दिवसाचं मला आजही समाधान वाटतं. म्हणून यादीत हे लिहून ठेवा: कुणीही, कधीही, कारण न सांगता अंगठा वर केला की डायव्ह संपली, आणि बोटीवर त्याला कुणी 'का?' विचारायचं नाही. हे आधी तोंडाने बोलून घ्या.

आणि आत जायचं की नाही हे जमिनीवर ठरवा. मार्च २००७ मध्ये याच जहाजाच्या आत शिरलेले तीन डायव्हर वारले. नवशिके नव्हते. भोकं पाडलेली आहेत, दारं कापून मोठी केली आहेत, म्हणून आतला भाग आपल्यासाठीच ठेवलाय असं वाटतं. पण आत गंजाची पूड आणि गाळ बोटभर साचलेला असतो. फिनचा एक फटका बसला की समोरचा हात दिसत नाही. तुम्ही सोडलेले बुडबुडे छताला लागतात आणि वरूनही गंज झडतो. टॉर्चचा उजेड त्या तांबूस ढगात नुसता पसरतो. मागे वळलं तर आलो ते दार नाही, नुसता ढग. रीळ घेऊन दोर बांधत जायचं प्रशिक्षण नसेल तर आत जाऊ नका. दोन दारं समोरासमोर आहेत, मधे दिवसाचा उजेड आहे आणि दुसरं दार आत शिरण्याआधीच दिसतंय, एवढ्यापुरतं ठीक. गाईड म्हणाला 'चला, मी आहे ना' तरी तुमचं उत्तर आदल्या रात्रीचंच असू द्या.

बघायचं काय तेही मनात धरून जा, म्हणजे कमी वेळात डोळे भरतील. पत्र्यावर आधी शेवाळ, मग स्पंज, मग मऊ प्रवाळ बसत गेलं आणि आता मूळ लोखंड शोधावं लागतं. गोलियाथ ग्रूपर दिसला तर आपल्या गोबऱ्याचा आठ फुटी भाऊबंद समजा. त्याच्या वाटेत आलात तर तो ढोल वाजवल्यासारखा घुमतो, तो आवाज छातीत जाणवतो. तेव्हा मागे सरका, त्याला संरक्षण आहे. झालर लावल्यासारखा लायनफिश मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला, इथे माणसामुळे आला आणि इथली पिल्लं खातो. त्याचे काटे विषारी आहेत, कठडा धरण्याआधी हाताखाली बघा. एरवी प्रवाळाला हात लावायचा नाही, जहाजावरच्या तर नाहीच. वीस-पंचवीस वर्षांत जे बसलंय ते हातमोज्याच्या एका घासणीत निघतं.

सिंधुदुर्गातल्या वाचकांनी हा हिशेब जपून ठेवावा. निवती रॉकजवळच्या समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करण्यासाठी जे जहाज निवडलं गेलं, ती नौदलाची गुलदारही सैन्य किनाऱ्यावर उतरवणारीच नौका. पोलंडमध्ये बांधलेली, डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात आलेली, १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेली, सुमारे ८४ मीटर लांब. स्पीगल ग्रोव्हच्या निम्म्याहून थोडी मोठी. आपल्या पाण्यात नजर कमी पोहोचते आणि पावसाळ्यात तर समुद्र बंदच. त्यामुळे दोर, रीळ आणि निघायचा आकडा तिथे जास्तच लागेल. गावातली जी पोरं गाईड होतील त्यांनी हा हवेचा हिशेब मराठीत, बारच्या मापात, पर्यटकासमोर मांडावा असं मला फार वाटतं.

परतीचं विमान शेवटी लिहिते, पण तिकीट काढतानाच बघायचं. दोन-तीन दिवस लागोपाठ डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात. मी पूर्ण दिवस धरते. मायामीचा विमानतळ की लार्गोहून गाडीने दीड तासाच्या आत येतो, म्हणून लोक सकाळची डायव्ह आणि रात्रीचं विमान असा बेत करतात. तो करू नका. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजत ठेवा, सूट उलटा करून सावलीत वाळवा, आणि वहीत लिहा: कुठला बोया, किती पीएसआय घेऊन उतरलो, किती असताना निघालो, किती घेऊन वर आलो.