क्लोरीन टाकूनही स्विमिंग पूल हिरवा पडतोय? स्टॅबिलायझर तपासा

साताऱ्यात एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पुलातलं क्लोरीन काही तासांत उडतं. ते टिकावं म्हणून पाण्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड लागतं. ३० ते ५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पुरे.

घोळ होतो तो टीसीसीएच्या, म्हणजे पुलात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांमुळे. त्या गोळ्यांत क्लोरीनबरोबर हे अ‍ॅसिडही असतंच. ५० हजार लिटरच्या पुलात एक किलो गोळ्या विरघळल्या की स्टॅबिलायझर साधारण ११ पीपीएमने वाढतो. क्लोरीन वापरून संपतं, हा मात्र साचत राहतो, पाण्याबरोबर उडूनही जात नाही. पातळी १०० च्या वर गेली की चाचणीत क्लोरीन आहे असं दिसतं, पण शेवाळ मारायला ते पुरत नाही. मग माणूस आणखी गोळ्या टाकतो आणि आणखी फसतो.

यावर खात्रीचा उपाय एकच, पाणी बदलणं. १०० वरून ५० वर यायचं तर निम्मं पाणी काढावं लागतं. उन्हाळ्यात टँकर मागवून हे करणं जिवावर येतं. त्यामुळे पावसाची वाट पाहा. जूननंतर थोडं थोडं पाणी सोडा, पाऊस भर घालेल. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका, जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने तळ उचलला जाऊ शकतो.

पातळी उतरली की गोळ्या थांबवून लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा, त्यात स्टॅबिलायझर नसतो. आणि टीसीसीए व ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात कधीही मिसळू नका, भडका उडतो.