मुंबईत गाडीचे टायर: पकड, झीज आणि आराम कसा टिकवायचा

रोजचा प्रवास लोकलने आणि गाडी शनिवार-रविवारी, असं ज्या घरात चालतं तिथली गाडी वर्षाला जेमतेम सहा-आठ हजार किलोमीटर धावते. साधारण बऱ्या टायरची नक्षी ४० ते ५० हजार किलोमीटर पुरते. म्हणजे या हिशेबाने टायर पाच-सहा वर्षं ‘नवा’ दिसतो, आणि फसगत होते ती इथेच. खाचा शाबूत असतात, पण रबर कडक झालेलं असतं. कोरड्या रस्त्यावर त्याचा पत्ताही लागत नाही, जूनमधल्या पहिल्या सरीला मात्र ब्रेक दाबल्यावर लागतो. म्हणून मुंबईच्या गाडीचा टायर तपासताना आधी वय बघा, मग खोली, मग किलोमीटर.

वय बघायला टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या तीन रोमन अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधा. त्यातले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा, जूनची सुरुवात. पुष्कळ टायरवर हे चार अंक एकाच बाजूला असतात आणि फिटिंग करताना ती बाजू आत गेलेली असते. तसं असेल तर सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की चारही टायरचे अंक मोबाईलवर टिपून घ्या, स्टेपनीचेही. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून बघून घ्यावा. दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही असली तरी काढायचाच. शहरात उन्हातान्हात उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर आमच्या मते सहाव्या-सातव्या वर्षीच निर्णय घ्यावा. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबरातला मऊपणा जातो, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी व बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात. नखाने दाबून बघा: मऊ रबर किंचित आत जातं, म्हातारं झालेलं दगडासारखं लागतं. ही काही मोजणी नाही, पण नव्या टायरवर एकदा दाबून पाहिलं की फरक बोटाला कळतो.

खोली मोजायची ती तीन ठिकाणी

नव्या कारच्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. कायद्याने किमान खोली १.६ मिमी. मुख्य खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांचं माप तेवढंच. नक्षी घासून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण मुंबईच्या पावसाला १.६ मिमी हा आकडा कामाचा नाही. खाचांचं काम पाणी बाजूला फेकण्याचं. खोली ३ मिमीच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर झपाट्याने वाढतं. म्हणून मे महिन्यात ३ मिमीच्या आसपास असलेला टायर सप्टेंबरपर्यंत ओढू नये, पावसाआधीच बदलावा.

खोली मोजायचं छोटं गेज ऑटो पार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतं. प्रत्येक टायरवर बाहेरची कड, मधला भाग आणि आतली कड अशी तीन मापं घ्या आणि लिहून ठेवा. यातलं आतल्या कडेचं माप बहुतेक जण घेतच नाहीत. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या चाकाची आतली कड बाहेर येते. टॉर्च मारा आणि तळहात नक्षीवरून आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो, म्हणजे वरून पाहताना चाकांचं आत-बाहेर वळलेलं असणं, बिघडला आहे. बाहेरून झकास दिसणाऱ्या टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत घासलेली असू शकते, आणि हायवेवर टायर फुटतो तो असाच.

दोन्ही कडा घासल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर बरेच दिवस हवा कमी होती. उलट, मधला पट्टा घासला असेल तर हवा जास्त. एकच कड गेली तर अलाइनमेंट, म्हणजे टो किंवा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल). गोल फिरवून पाहताना नक्षीवर ठरावीक अंतराने खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअप बसलेत किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं असणं, गेलंय. कारण दुरुस्त न करता नुसता टायर बदलला तर नवाही त्याच वाटेने जातो.

हवा: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

किती हवा भरायची हे टायरच्या बाजूवर लिहिलेलं नसतं. तिथला आकडा ही टायरची कमाल मर्यादा. गाडीसाठीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. त्यात रिकामी गाडी आणि पूर्ण भरलेली गाडी असे दोन आकडे असतात. दोघंच फिरत असाल तर पहिला. पाच जण आणि सामान घेऊन कोकणात निघालात तर दुसरा.

हे आकडे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी आहे, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालली आहे. अंधेरीहून घोडबंदरपर्यंत ट्रॅफिकमधून जाऊन मग पंपावर हवा तपासली तर गेज ३ ते ५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) जास्त दाखवेल. तेव्हा पंपावरचा माणूस ‘हवा जास्त आहे’ म्हणून कमी करतो, आणि सकाळी टायर थंड झाल्यावर हवा कमी भरते. गरम टायरची हवा काढायची नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. साधं डिजिटल गेज घरी ठेवा आणि महिन्यातून एकदा सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच मोजा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय हवा आपोआप जाते, आणि तापमानात ५-६ अंशांचा फरक पडला की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो.

‘एक्सप्रेसवेवर उन्हात हवा वाढते, म्हणून निघतानाच कमी भरा’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि सुटते, त्यातूनच उष्णता तयार होते. मुंबई–पुणे एक्सप्रेसवेसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तासाला १०० किमीने अर्धा-पाऊण तास गेलं की ही उष्णता आतल्या थरांना सुटं करते, आणि मग टायर फुटतो. योग्य हवेचा सुस्थितीतला टायर तापमानाने वाढलेला दाब सहज सोसतो, कंपनीने तो हिशेब धरलेलाच असतो. लांबच्या प्रवासाआधी ठरलेली हवा पूर्ण भरा, भार जास्त असेल तर भाराचा आकडा घ्या.

नायट्रोजनबद्दल दोन शब्द. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा, पण त्यामुळे महिन्याची तपासणी चुकवू नका. आणि व्हॉल्वची टोपी हरवली असेल तर पाच रुपयांची नवी लावा, पावसात चिखल आत जाऊन व्हॉल्व गळतो.

पावसाळ्यात पकड कुठे सुटते

पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, धूळ आणि घासलेलं रबर मिळून चिकट थर होतो. तेव्हाचा रस्ता जुलैतल्या धुतलेल्या रस्त्यापेक्षा जास्त निसरडा असतो. जोराच्या पावसात गडबड वेगळी: ईस्टर्न किंवा वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पाण्याचा पातळ थर साचलेला असताना वेग ८०च्या पुढे गेला की टायर पाण्यावर तरंगू शकतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनचा आवाज चढतो. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि एक्सलरेटर हळूच सोडा. घासलेल्या नक्षीवर आणि कमी हवेवर हे कमी वेगातच घडतं. मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पुलांचे सांधे आणि रंगवलेले झेब्रा पट्टे ओले असताना त्यांच्यावर वळणं किंवा ब्रेक दोन्ही टाळा.

हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात प्रश्न पकडीचा नसतो, पाण्याखाली काय आहे हे दिसत नाही हा असतो. खड्ड्याच्या धारदार कडेवर टायर आपटला की रिम आणि कडेमध्ये बाजू चेपली जाते, आतल्या दोऱ्या तुटतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजूवर अक्रोडाएवढा फुगा दिसतो. फुग्याला इलाज नाही. पॅच नाही, ट्यूब टाकून चालवणंही नाही. त्याच दिवशी स्टेपनी लावा. म्हणून मोठा दणका बसला की दुसऱ्या सकाळी चाकाच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा आणि आठवड्याभरात अलाइनमेंट तपासून घ्या.

पंक्चर

मेट्रो आणि इमारतींच्या कामांमुळे खिळे-स्क्रू पडलेलेच असतात. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका, हळू चालवत दुकानापर्यंत जा. बाहेरून ठोसलेली चिकट पट्टी हा तात्पुरता उपाय. टायर काढून आतून लावलेला मशरूम पॅच हा पक्का. भोक नक्षीच्या पट्ट्यात आणि ६ मिमीपर्यंत असेल तरच दुरुस्ती, बाजूवरच्या भोकाला नाही. चाक पाण्यात बुडवताना जवळ उभे राहा आणि बुडबुडे कुठून येतात ते स्वतः बघा. हवा गेलेल्या टायरवर थोडंफार अंतर चालवलं असेल तर टायर उघडल्यावर आत बघायला सांगा: काळी रबराची भुकटी पडली असेल तर बाजू आतून चुरडली आहे, तो टायर परत बसवायचा नाही.

अलाइनमेंट आणि अदलाबदल

दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकं फिरवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये, पुढचे टायर जास्त झिजतात. पुढची चाकं सरळ मागे आणि मागची तिरकी पुढे, अशी पद्धत. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला फक्त पुढे-मागे.

अलाइनमेंटआधी चारही टायरची हवा सारखी करायला सांगा आणि टाय रॉड, बॉल जॉइंट, बुश हे स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग हलवून बघायला लावा. तिथे खेळ असेल तर मशीनचे आकडे पहिल्या खड्ड्यालाच बदलतात. आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही प्रिंटआउट मागा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर बाहेर गेला असेल आणि कोणी जॅकने वाकवून ‘सेट’ करायला निघाला, तर थांबवा: काय वाकलंय ते शोधून तो भाग बदलायला हवा. अलाइनमेंट बरोबर येऊनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला (बाण नसेल तर). ओढ बाजू बदलली की दोष टायरमध्ये आहे. ८० ते १०० वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, सीट थरथरली तर बहुधा मागच्यांचं.

आराम कमी का होतो

‘गाडी पूर्वीसारखी राहिली नाही’ असं वाटतं तेव्हा लोक थेट शॉकअप बदलतात. आधी टायर बघा. कडक रबर आणि असमान झीज यांनी गुणगुण आवाज वाढतो आणि पेव्हर ब्लॉकचा प्रत्येक सांधा जाणवतो. मोठ्या रिमचा मोह हे दुसरं कारण. स्विफ्ट-डिझायरच्या वरच्या मॉडेलवर १८५/६५ आर १५ असतो (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), म्हणजे बाजूची उंची १२० मिमी. त्याऐवजी १९५/५५ आर १६ लावला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण बाजूची उंची १०७ मिमी होते. गेलेले हे १३ मिमी म्हणजे खड्डा गिळणारी गादीच. मुंबईच्या रस्त्यांसाठी कंपनीचाच आकार ठेवावा.

नवा टायर घेताना

आकारापुढचा भार आणि वेगाचा निर्देशांक गाडीच्या पट्टीइतका किंवा वरचा हवा. ८८एच म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार आणि तासाला २१० किमी वेग. आयएसआय चिन्ह बघा आणि वर सांगितलेले चार अंक वाचून सहा महिन्यांच्या आतला माल मागा. नव्याने खाचा कोरलेला जुना टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दोनच बदलायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्यात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरते, मागचे घसरले तर फिरते. एका एक्सलवर एकच कंपनी आणि एकच नक्षी ठेवा. पहिले काहीशे किलोमीटर जोराचे ब्रेक आणि वळणं टाळा, वरचा गुळगुळीत थर जायला तेवढं लागतं. नट एअर गनने ठोकून घट्ट करू देऊ नका, डिस्क वाकते आणि रस्त्यात पाना चालत नाही. समोरासमोरचे नट क्रमाने आवळायला सांगा, शेवटी टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याला, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. जुन्यातला सर्वांत बरा टायर स्टेपनीला ठेवणार असाल तर आधी त्याचं वय बघा, आणि त्यात चालत्या टायरपेक्षा ३-४ पीएसआय जास्त हवा भरून ठेवा.